कार्बन मोनॉक्साइड आणि सिनगॅस: कच्चा माल एकच नव्हे

पुण्यातल्या रसायन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल तपासताना ‘सिनगॅसपासून मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्ल मिळते’ हे वाक्य मला दरवर्षी भेटते. सिनगॅस म्हणजे मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण. मिथेनॉलपुरते ते वाक्य बरोबर आहे; ॲसेटिक आम्लाच्या बाबतीत मात्र कार्बन मोनॉक्साइड वेगळा काढणारा कारखान्यातला एक अख्खा विभागच त्यात गाळला जातो. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कार्बोनिलीकरणावर (रेणूत कार्बन मोनॉक्साइड घालण्यावर) आणि हायड्रोफॉर्मिलीकरणावर (अल्कीनमध्ये कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन घालून अल्डिहाइड बनवण्यावर) एवढे काम झालेले असताना याच शहरात ही गल्लत चालावी, याचे मला वाईट वाटते.

कार्बन मोनॉक्साइड विषारी आणि गंधहीन आहे आणि सिनगॅसमध्ये त्याच्या जोडीला हायड्रोजन असतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. खरा प्रश्न त्या हायड्रोजनचे काय करायचे, हा आहे. मिथेनॉल बनताना कार्बन मोनॉक्साइडच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे दोन रेणू खर्ची पडतात, तर ओटो रोएलेन यांनी 1938 मध्ये शोधलेल्या हायड्रोफॉर्मिलीकरणात दोन्हींचा एकेक रेणू लागतो; म्हणून तेथे योग्य प्रमाणातले मिश्रणच वापरले जाते. याउलट मिथेनॉलपासून ॲसेटिक आम्ल करताना मिथेनॉलच्या रेणूत फक्त कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू शिरतो. ऱ्होडियम आणि आयोडाइडच्या उत्प्रेरकावर ही अभिक्रिया चालू असताना वायूत हायड्रोजन जास्त राहिला, तर ॲसिटाल्डिहाइड आणि प्रोपिऑनिक आम्ल तयार होते आणि ते वेगळे काढण्याचा भार ऊर्ध्वपातनावर पडतो. कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीनपासून फॉस्जीन बनवताना तोच हायड्रोजन क्लोरीन खाऊन हायड्रोजन क्लोराइड तयार करतो.

म्हणून कार्बन मोनॉक्साइड आधी वेगळा काढावा लागतो, आणि प्रवाह-आकृतीत नुसता ‘शुद्धीकरण’ असा चौकोन काढून हे काम उरकणे मला मुळीच मान्य नाही. सिनगॅसमधला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ पूर्ण काढून टाकल्याशिवाय तो वायू कोल्ड बॉक्समध्ये, म्हणजे अतिथंड तापमानाला वायू वेगळे करणाऱ्या भागात, नेता येत नाही, कारण तेथे दोन्ही गोठून नळ्या बंद होतात. कार्बन मोनॉक्साइड उणे 191.5 अंशांना उकळतो आणि हायड्रोजन उणे 253 अंशांना, त्यामुळे ही जोडी सहज सुटते. नायट्रोजनचा उत्कलनबिंदू मात्र उणे 196 अंश, म्हणजे जेमतेम साडेचार अंशांच्या अंतरावर आहे. त्यामुळे शुद्ध कार्बन मोनॉक्साइड हवा असेल, तर कोळशापासून सिनगॅस बनवताना, म्हणजे वायूकरणात, हवेऐवजी ऑक्सिजन वापरावा, असेच मी सांगेन. हवेतून आलेला नायट्रोजन पुढे काढत बसणे फार महाग पडते.