ब्रिटनमध्ये ‘मी बाई आहे’ म्हटलं की झालं? नाही हो

तो फॉरवर्ड परत फिरतोय, की ब्रिटनमध्ये कुठल्याही पुरुषाने नुसतं ‘मी बाई आहे’ म्हटलं की कायद्याने त्याला लेडीज चेंजिंग रूममध्ये घ्यावंच लागतं. असा कायदा तिथे कधी नव्हताच.

2004 च्या कायद्याने कागदोपत्री लिंग बदलायचं तर वय 18 पूर्ण, जेंडर डिस्फोरियाचं (जन्मतःचं लिंग आणि मनातली ओळख जुळत नसल्याच्या त्रासाचं) डॉक्टरी निदान, दोन वर्षं त्या जेंडरमध्ये राहिल्याचे पुरावे, वर ‘मरेपर्यंत असंच राहीन’ असं शपथेवर लिहून द्यायचं, आणि हे सगळं बघणार कोण तर एक पॅनेल जे सहसा तुम्हाला भेटतही नाही, फक्त कागद चाळतं. फी तेवढी 2021 ला 140 पौंडांवरून 5 वर आली. स्कॉटलंडने डिसेंबर 2022 मध्ये हे सोपं करणारं बिल 86 विरुद्ध 39 ने पास केलं खरं, पण पुढच्याच महिन्यात लंडनच्या केंद्र सरकारने अडवलं. नुसत्या घोषणेवर चालतं ते शेजारच्या आयर्लंडमध्ये, 2015 पासून, बहुतेक गोंधळ तिथूनच.

आणि चेंजिंग रूमचं म्हणाल तर तो विषयच वेगळ्या, भेदभावविरोधी कायद्यातला, 2010 च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टमधला, त्यात योग्य कारण असेल तर फक्त बायकांसाठी सोय ठेवायची मुभा आधीपासून आहे. 16 एप्रिल 2025 ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात हा खटला ऐकणाऱ्या पाचही जजेसनी सांगितलं की त्या कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे जन्मतः स्त्री, 2004 च्या कायद्याने लिंग बदलल्याचं सर्टिफिकेट असलं तरी.

आता उलटा फॉरवर्ड आलाय, ‘ट्रान्स लोकांचे हक्क संपले’. तेही चूक, भेदभावाविरुद्धचं त्यांचं संरक्षण कोर्टाने त्याच निकालात कायम ठेवलंय.