शेतमुक्काम आणि दख्खनी मेंढीची लोकर (नाशिक जिल्हा)

शेतकऱ्याच्या घरी किंवा मळ्यात राहून माळरानावर पायी हिंडणे, मेंढ्यांचा वाडा (मेंढपाळांचा कळपासह तळ) पाहणे आणि लोकरीपासून घोंगडी कशी होते ते समजून घेणे, असा हा कृषी पर्यटनाचा प्रकार. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. नाशिकचा मुक्काम म्हटला की बहुतेकांना गंगापूर धरणालगतचे द्राक्षमळे आठवतात. मेंढीचा मुलूख मात्र पूर्वेला, सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव या कमी पावसाच्या तालुक्यांत आहे.

याचे कारण मेंढीच्या खुरात आहे. सतत चिखलात उभी राहिली की तिचे खूर सडतात, म्हणून धनगरांचे कळप पावसाळा या कोरड्या माळावर काढतात. दिवाळीनंतर माळावरचे गवत संपत आले की वाडा हलतो: घोड्यांवर बिऱ्हाड, पुढे कळप, वाट बागायती पट्ट्याकडे किंवा घाट उतरून कोकणाकडे. वाटेत शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात. रात्री वाघूर (जाळ्याचे कुंपण) लावून कळप कोंडतात, सकाळी लेंडीखत रानात राहते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. वाडा पाहायचा असेल तर म्हणूनच पावसाळ्यात यावे; द्राक्षाच्या हंगामात तो बहुधा दूर गेलेला असतो.

दख्खनी मेंढी काटक आहे. उन्हात मैलोन् मैल चालते, खुरटे गवत आणि पाला खाऊन तगते. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार मानले जातात. पैकी संगमनेर तर सिन्नरला लागूनच. तिची लोकर जाड आणि राठ, वर्षाकाठी एका मेंढीची किलोभरही नसते. कातरणी वर्षातून दोनदा, हातातल्या कातरीने. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ, आणि जावळाच्या घोंगडीला मान मोठा. लोकर पिंजून सूत काततात. ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावतात, त्याने सूत ताठ होते आणि घोंगडी घट्ट विणली जाते. विणणारे खुटेकर धनगर आणि सणगर. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. येवल्यात पैठणीचे माग घरोघर सापडतात, घोंगडीचा माग शोधावा लागतो.

भटकंतीला गडांची कमी नाही. मनमाडजवळ अंकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडी आहे आणि टंकाईच्या पोटात जैन लेणी. चांदवडला होळकरांचा रंगमहाल. सिन्नरला गोंदेश्वराचे मंदिर, आणि तिथून जवळचे डुबेरे हे थोरल्या बाजीरावांचे जन्मगाव (१८ ऑगस्ट १७००). तरी गडांपेक्षा गावांमधल्या पाणंदी आणि चराईच्या वाटा अधिक चालाव्यात. हा मुलूख तिथेच खरा कळतो.

लोकरीचा भाव आज इतका पडला आहे की पुष्कळदा कातरणीची मजुरीही सुटत नाही, आणि कातरलेली लोकर बांधावर पडून राहते. कळप पोसला जातो तो मांसासाठी. त्यामुळे अंगाने मोठ्या माडग्याळ जातीचे नर कळपात सोडले जातात आणि राठ लोकरीची मूळ दख्खनी मागे पडते. पाहुण्याने थेट मेंढपाळाकडून किंवा विणकराकडून घोंगडी घ्यावी आणि घासाघीस करू नये: एका घोंगडीला कित्येक मेंढ्यांची लोकर आणि बायकांचे अनेक दिवसांचे कातण लागते.