सोडायचं की धरायचं? डिअर हेअर पॉपरमधलं स्पिनिंग आणि स्टॅकिंग

डिअर हेअरचा पॉपर म्हणजे गळावर हरणाचे केस बांधून केलेलं, पाण्यावर तरंगत आवाज करणारं मासेमारीचं आमिष. तो बांधायला बसलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते: "केस फिरतच नाहीत." आणि आठवडाभराने दुसरी: "केस फिरतातच, थांबत नाहीत." दोन्ही वेळा दोष धाग्याला दिला जातो, नाहीतर केसांना. माझ्या मते दोघेही निर्दोष आहेत. स्पिनिंग (केस गळाच्या दांडीभोवती फिरवणं) आणि स्टॅकिंग (केस न फिरवता जागच्या जागी रचणं) ही दोन वेगळी कामं एकाच कामासारखी दिसतात, आणि एकाची पहिली अर्धी कृती दुसऱ्याच्या उरलेल्या अर्ध्याला जोडली जाते. तिथे घोटाळा होतो.

आधी केसांबद्दल, कारण दोन्ही पद्धती त्यांच्याच स्वभावावर चालतात. हरणाचा अंगावरचा केस आतून भरीव नसतो. त्यात हवेने भरलेल्या बारीक कप्प्यांचं जाळं असतं. थंडीत ऊब राखायला हरणाला ते उपयोगी पडतं आणि पॉपर तरंगत ठेवायला आपल्याला. धाग्याने असा केस मधोमध आवळला की दाबाखालचे कप्पे चेपतात आणि दोन्ही टोकं ताठ उभी राहतात. यालाच केस 'फुलणं' म्हणायचं. पोटाकडचे आणि ढुंगणाकडचे केस जाड, म्हणून छान फुलतात. पोटाकडचे पांढरे असल्यामुळे त्यांच्यावर रंगही चांगला चढतो. तोंडावरचे किंवा पायावरचे केस मात्र कितीही आवळा, आडवेच पडून राहतात. बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस, हेही वरच्या भागात तसंच, फुलतं ते फक्त बुडाशी. चुकीचा केस घेऊन तंत्र सुधारत बसणं म्हणजे ओल्या लाकडावर फुंकर मारत राहणं.

आता स्पिनिंग. गळाची दांडी उघडी ठेवायची, खाली धाग्याचा थर नको. पेन्सिलीएवढा जाड झुबका घ्यायचा, फणीने मुळाशी असलेली मऊ लव काढून टाकायची. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे टाळतात, आणि लव राहिली की केस ना नीट फुलतात ना फिरतात. झुबक्याची दोन्ही टोकं कापून तो आखूड करायचा, दांडीवर तिरका धरायचा आणि मधोमध एकाच जागी दोन सैल वेढे घ्यायचे. तिसरा वेढा सुरू करताना धागा हळूहळू ताणायचा आणि त्याच क्षणी बोटं सोडायची. केस धाग्याच्या ओढीबरोबर दांडीभोवती गोल फिरतात आणि सगळीकडे सारखे पसरतात. बोटं उशिरा सोडली तर वरच्या बाजूला गठ्ठा होतो आणि खाली टक्कल पडतं. लवकर सोडली तर झुबका सैलसर लटकतो. केस फिरायचे थांबेपर्यंत त्याच जागी वेढे घालत राहायचं. ते थांबले म्हणजे धाग्याने दांडी पकडली.

स्टॅकिंगमध्ये नेमकं उलटं आहे. इथे केस फिरला की काम बिघडलं. दांडीवर आधी धाग्याचा थर द्यायचा, म्हणजे केसांना पकड मिळते. झुबका दांडीच्या वर ठेवायचा, दोन सैल वेढे घ्यायचे, आणि बोटांची चिमूट न सोडता धागा सरळ खाली ओढायचा. केस चिमटीतच फुलतात आणि वरच्या अर्ध्या भागातच राहतात. मग गळ उलटा करून, किंवा व्हाइस (गळ पकडून ठेवणारा शिकंजा) फिरणारा असेल तर तो फिरवून, दुसऱ्या रंगाचा झुबका खालच्या बाजूला तसाच बसवायचा. पाठ हिरवी आणि पोट पांढरं असा बेडकासारखा पॉपर, म्हणजे आमचा 'बेडूक', याच पद्धतीने होतो. वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मेसिंजर यांचा प्रसिद्ध बेडूक अशा स्वच्छ विभागलेल्या रंगांसाठीच ओळखला जातो. उलट मडलर मिनो घ्या. डॉन गॅपेन यांनी 1930 च्या दशकात कॅनडातल्या ओंटारिओच्या निपिगॉन नदीसाठी बांधलेल्या या फ्लायचं (गळावर बांधलेल्या आमिषाचं) डोकं फिरवलेल्या केसांचं असतं. तिथे वर कोणता रंग आणि खाली कोणता, असा प्रश्नच नाही, केस चहूबाजूंनी हवेत.

स्टॅकिंगची खरी मजा ठिपक्यांत आहे. समजा पाठीवर पिवळ्या कड्याचा काळा ठिपका हवा आहे. पिवळा झुबका वर बसवून फुलवला. आता बरोबर त्याच्या मधोमध, त्याच जागी, निम्म्या जाडीचा काळा झुबका ठेवायचा आणि धागा त्याच वाटेने खाली ओढायचा. काळे केस पिवळ्यांच्या मधे रुततात. या घडीला समोर दिसतं ते विस्कटलेलं झुडूप. पहिल्यांदा मी ते पाहून ब्लेड उचललं आणि सगळं काढून टाकलं होतं. ठिपका कापणी झाल्यावरच उमटतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता एक गंमत मान्य करायला हवी: मासा खालून बघतो, त्याला पोट दिसतं. पाठीवरचे ठिपके फक्त बांधणाऱ्याच्या समाधानासाठी.

शब्दांचा गोंधळही थोडा जबाबदार आहे. 'हेअर स्टॅकर' नावाची नळी असते, तिच्यात केस टाकून टेबलावर आपटले की टोकं एका रेषेत येतात. तिचा आणि स्टॅकिंग पद्धतीचा संबंध फक्त नावापुरता. पॉपरच्या मागे केसांची झालर ठेवायची असेल तर नळी उपयोगाची, मग झालर फिरवून बसवा नाहीतर रचून. जिथे केस कापूनच टाकायचे आहेत तिथे टोकं जुळवत बसू नका.

धाग्याबद्दल. बहुतेक लोक 200 डेनियरचा जेल स्पन (एक मजबूत कृत्रिम) धागा वापरतात. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे या धाग्याचे 9000 मीटर फक्त 200 ग्रॅम भरतात. इतका हलका असूनही तो हाताने सहजी तुटत नाही, म्हणून जोर लावता येतो. पण तो निसरडा असतो, थोडं मेण लावलेलं बरं. दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: उजव्या हाताने वेढे घालताना प्रत्येक वेढ्याला धाग्यात थोडा पीळ चढत जातो. पीळ बसलेला धागा तारेसारखा गोल होतो आणि केस फुलवण्याऐवजी कापतो. झुबका अचानक अर्धा झडला तर केसांना नावं ठेवण्याआधी बॉबिन (धाग्याची रीळ धरणारं साधन) मोकळं लटकवून उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध, फिरवा. धागा पुन्हा पसरट होतो.

घट्टपणा मात्र यातल्या कुठल्याच पद्धतीने आपोआप येत नाही. तो येतो दाबण्यातून. झुबका बसला की धागा केसांमधून डावी-उजवीकडे हलवत पुढे आणायचा, म्हणजे मधले केस खाली दाबले जात नाहीत. पुढे दोन वेढे, एक हाफ हिच (साधी अडकवण्याची गाठ), आणि मग दाब. एका हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने मागून आधार द्यायचा, दुसऱ्या हाताने किंवा मधे भोक असलेल्या दाबणीने पुढून रेटायचं. रिकाम्या बॉलपेनची नळीही चालते. मागचा आधार विसरलात तर सगळी रांग शेपटाकडे सरकते. स्टॅकिंगमध्ये रेटताना पिळायचं नाही, सरळ ढकलायचं, नाहीतर एवढ्या कष्टाने रचलेले रंग दोन मिलिमीटर फिरतात आणि पाठीवरची रेघ बरगडीवर येते.

मला विचाराल तर स्टॅकिंगचा पॉपर जास्त घट्ट होतो, कारण एकाच जागी वर आणि खाली मिळून जास्त केस बसवता येतात. पण नवशिक्याने सुरुवात एका रंगाच्या स्पिनिंगनेच करावी. पाच-सहा पॉपर फिरवून झाले की धागा कधी पकडतो हे बोटांना कळतं, आणि मग केस धरून ठेवण्याचं तंत्र सोपं जातं. दोन्ही एकाच फ्लायमध्येही चालतात: मागची झालर फिरवायची, धड रचायचं. फक्त एका झुबक्यात दोन पद्धती नकोत.

कापणीत दोघांमध्ये फारसा फरक नाही. आधी वाफ द्यायची, मुडपलेले केस सरळ होतात. मग दुधारी ब्लेड अर्धं मोडून पहिला काप पोटाला, दांडीच्या अगदी जवळून, सपाट. इथे मी एकदा माया दाखवली होती. पोट गुबगुबीत ठेवलं, गळाचं टोक आणि दांडी यांमधली मोकळी जागा केसांनी भरून गेली. बास माशाने वरून जोरात झडप घातली, पाणी उसळलं, आणि गळ काही रुतला नाही. तीन वेळा. त्या दिवसापासून पोटाला दया नाही. त्यानंतर दोन्ही बाजू, मग पाठ, आणि शेवटी तोंड: नेढ्याच्या मागे दांडीला काटकोनात उभा काप. हे सपाट तोंडच पाणी ढकलून 'डुबुक' आवाज काढतं. तोंड तिरकं उतरवून शंकूसारखं केलं आणि मागे केसांची गळपट्टी (कॉलर) ठेवली की तो पॉपर न राहता डायव्हर होतो, लॅरी डालबर्ग यांच्या डायव्हरसारखा, ओढला की बुडणारा आणि सोडला की वर येणारा.

तोंडावर पातळ सिमेंटचे किंवा यूव्ही रेझिनचे एक-दोन हात द्या, नाहीतर दहाबारा फेकींनंतर ते मऊ पडतं आणि आवाज बसतो. नेढ्यात रेझिन गेलं तर सुकण्याआधीच सुईने काढा. ब्लेड फिरवताना तोंडाजवळचा धागा अजिबात कापू नका. मी कापलाय. पाऊण तास रचलेला बेडूक एका झटक्यात टेबलावर उमलला, हिरवा एकीकडे, पांढरा दुसरीकडे.