एल्कसाठी रायफल निवडताना: धक्क्याचा हिशेब

ऑक्टोबर जवळ आला की कोलोराडो, वायोमिंग, मोंटाना या राज्यांतल्या बंदुकीच्या दुकानांत एक वाद ठरलेला असतो: एल्कसाठी कॅलिबर, म्हणजे नळीचा आणि गोळीचा व्यास, कोणते? जनावर मोठे म्हणून काडतूसही मोठे, असा सरळ हिशेब करून बरेच नवखे शिकारी जास्त दारूचे .३०० मॅग्नम घेऊन मोकळे होतात. मग सरावाच्या मैदानावर तिसऱ्या-चौथ्या बारालाच डोळे मिटू लागतात आणि शंभर मीटरवरच्या कागदावर गोळ्या विखरतात. रायफलीत काही खोट नसते. तिचा धक्का त्या खांद्याला झेपत नसतो, इतकेच.

एल्क हे हरणांच्या कुळातले थोराड जनावर. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर ३०० ते ३५० किलोंचा, मादी सव्वादोनशेच्या आसपास. काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा नातलग. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवला आहे. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचा वन्यजीव विभाग हंगाम, परवाने आणि हत्याराचे निकष ठरवतो. कोलोराडोत एल्कसाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच आणि वजन किमान ८५ ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम, लागते. शंभर यार्डांवर तिच्यात किमान १,००० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १,३५६ ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे आणि ती शरीरात शिरल्यावर फुलणारी असली पाहिजे. हा झाला कायद्याचा तळ. अनुभवी शिकारी साधारण २,००० ज्यूलची रेघ मानतात. ती रेघ प्रयोगशाळेतून आलेली नाही, वहिवाटीतून आली आहे. पण अंदाजाला चांगली आहे.

आता एक गल्लत आधीच दूर करू. .३०८ विन्चेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० विन्चेस्टर मॅग्नम या तिघांच्या गोळीचा व्यास एकच, .३०८ इंच, म्हणजे ७.८ मिलिमीटर. फरक आहे तो पितळी पुंगळीच्या आकारात आणि त्यात मावणाऱ्या दारूत. तेव्हा नुसत्या कॅलिबरवरून धक्का कळत नाही. काडतुसाचे पूर्ण नाव पाहावे लागते. ते नाव नळीवर कोरलेले असते आणि काडतुसाच्या बुडावरही. दोन्ही तंतोतंत जुळली तरच काडतूस भरायचे, कारण चुकीचे काडतूस कधीकधी आत जाऊन बसतेही, आणि मग बार उडाला तर पुंगळी फाटून वायू मागे येऊ शकतो.

धक्क्याचे गणित शाळेतल्या संवेग अक्षय्यतेचे; संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. गोळी पुढे जाते, तिच्यामागून जळालेल्या दारूचे वायूही पुढे जातात, आणि या दोघांच्या संवेगाइतकाच संवेग रायफलीला मागे मिळतो. वायूंचा भाग लोक विसरतात. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी ११.७ ग्रॅमची, ती सुमारे ८२३ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. तिचा संवेग ९.६. दारू ३.६ ग्रॅम, वायूंचा सरासरी वेग १,२०० मीटर प्रतिसेकंद धरला तर आणखी ४.३. बेरीज जवळपास १४. दुर्बिणीसकट रायफल ३.६ किलोची असेल तर ती ३.९ मीटर प्रतिसेकंद वेगाने खांद्यात घुसू पाहते, आणि तिच्यातली गतिज ऊर्जा होते २७ ज्यूल.

हेच गणित त्याच वजनाच्या रायफलीवर इतर काडतुसांसाठी केले की चित्र स्पष्ट होते. ६.५ क्रीडमूर, १४३ ग्रेन गोळी: साडेसोळा ज्यूल. ७ एमएम-०८, १४० ग्रेन: साडेसतरा. .३०८, १६५ ग्रेन: २१. .२७० विन्चेस्टर, १५० ग्रेन: साडेबावीस. ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, १६० ग्रेन: २८. .३०० विन्चेस्टर मॅग्नम, १८० ग्रेन: ३६. .३३८ विन्चेस्टर मॅग्नम, २२५ ग्रेन: ४४. दारूच्या जातीनुसार आकडे थोडे मागेपुढे होतील, पण क्रम तोच राहील. बहुतेकांना २० ज्यूलपर्यंतचा धक्का त्रास न होता झेपतो. २७ च्या पुढे नियमित सराव करणारे थोडेच, आणि जो सराव करत नाही त्याने मॅग्नम घेण्यात अर्थ नाही.

रायफलीचे वजन या हिशेबात फार महत्त्वाचे. संवेग तोच राहिला तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तीन हजार मीटर उंचीवर दिवसभर चढउतार करायची म्हणून लोक २.७ किलोची ‘माउंटन रायफल’ घेतात आणि तिच्यात .३०० मॅग्नम घालतात. धक्का ४८ ज्यूल. म्हणजे पूर्ण वजनाच्या .३३८ पेक्षाही जास्त! दुकानात हातात घेतल्यावर ती हलकी रायफल फार गोड वाटते. पैसे त्या गोडव्याचेच मोजले जातात. हलकी हवी असेल तर काडतूसही ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूरसारखे हवे.

पण धक्क्याने नेम चुकतो तो नेमका कसा? बार उडाल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत एक-दीड मिलिसेकंद जातो. तेवढ्यात रायफल जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकलेली असते. माणसाची सगळ्यात जलद दचकही त्याहून कितीतरी उशिरा येते. म्हणजे धक्का बसतो तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते. नेम बिघडतो तो आधी. मेंदूला मागचे धक्के आठवत असतात. चाप सुटायच्या क्षणी तो खांदा पुढे ढकलतो, पापण्या मिटतो, बोट चाप हिसकावते. नळीचे टोक खाली जाते. बाराच्या धुमाळीत नेमबाजाला स्वतःला हे दिसत नाही, आणि तो दुर्बिणीला दोष देतो.

ते दिसावे यासाठी जुना उपाय आहे. सोबत्याने पाठमोरे राहून मॅगझिनमध्ये खरी आणि डमी काडतुसे मिसळून भरायची, क्रम सांगायचा नाही. डमीवर चाप ओढला की नुसती ‘टक्’ होते आणि दुर्बिणीतली फुली कुठे गेली ते उघडे पडते. फुली स्थिर राहिली तर ठीक. खाली आपटली तर त्या दिवशी मोठी रायफल बाजूला ठेवून .२२ वर यायचे. .२२ रिमफायरला धक्का नगण्य, आवाज कमी, काडतूस स्वस्त. चाप हळू दाबायची सवय तिच्यावरच लागते. मोठ्या काडतुसाचे एका बैठकीत दहा-पंधरा बार पुरेत. चाळीस बार काढून दुखरा खांदा घरी नेणारा दचकायचाच सराव करत असतो.

दचक निम्मी आवाजाची असते. मोठ्या रायफलीचा बार १६० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. मैदानावर कानात बोळे आणि वर कर्णकवच, दोन्ही लावले की बऱ्याच जणांना तीच रायफल मवाळ वाटू लागते. नळीच्या तोंडाचा ब्रेक वायू बाजूला वळवून धक्का एक तृतीयांश ते निम्मा कमी करतो, पण आवाज मागे आणि बाजूला फेकतो. शेजारी उभ्या वाटाड्याचे कान त्याची किंमत मोजतात. सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडावर बसणारे नळकांडे, धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो. फक्त नळी लांबते आणि झाडीत अडते. ब्रेक किंवा सप्रेसर लावला वा काढला की गोळी लागण्याची जागा बदलते, म्हणून ज्या अवस्थेत शिकारीला जायचे त्याच अवस्थेत शून्य जुळवायचे, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी आणायची.

दस्त्याचे मापही पाहा. दस्ता फार लांब असेल तर तो खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो आणि दंड निळा पडतो. आखूड असेल तर दुर्बीण डोळ्याजवळ येते. डोळा आणि दुर्बीण यांत किमान नऊ सेंटिमीटर अंतर हवे. मैदानात टेबलावर बसून ते बरोबर जुळलेले असते. डोंगरात वरच्या दिशेने नेम धरला किंवा पोटावर झोपलो की डोके पुढे सरकते, आणि भुवईवर अर्धचंद्राकार जखम घेऊन माणूस परत येतो. दुर्बीण बसवताना झोपून आणि चढावर नेम धरूनही तपासणे हा त्यावरचा इलाज.

आता गोळी. माझ्या मते काडतुसाच्या वादात जेवढा वेळ जातो त्यातला निम्मा गोळीच्या बांधणीवर घालवावा. एल्क पडतो तो दोन्ही फुफ्फुसांना भोक पडून रक्तस्राव झाल्याने. ज्यूलचा आकडा स्वतः काही करत नाही. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर यांच्या .३०० एच अँड एच मॅग्नमच्या गोळ्या मूस या एल्कहून मोठ्या हरणाच्या जाड, चिखलाने माखलेल्या कातडीवर वरच्यावर फुटल्या. काडतूस दांडगे होते, गोळी कच्ची होती. त्यातून १९४८ मध्ये त्यांनी मधे पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी आणली: पुढचा शिशाचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत जात राहतो. आज शिसे कवचाला जोडलेल्या आणि पूर्ण तांब्याच्या गोळ्याही मिळतात. तांब्याची गोळी वजन जवळजवळ गमावत नाही, म्हणून हलकी घेतली तरी खोल जाते. .३०-०६ मध्ये १८० ऐवजी १५० ग्रेनची तांब्याची गोळी घेतली की धक्का २७ वरून साडेतेवीस ज्यूलवर येतो. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

गोळी फुलायला वेग लागतो: साध्या गोळ्यांना साधारण ५५० मीटर प्रतिसेकंद, तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना ६०० च्या आसपास. आकडा डब्यावर किंवा उत्पादकाच्या पत्रकात असतो. ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची गोळी तीनशे यार्डांवर ६७० मीटर प्रतिसेकंद वेगाने आणि सुमारे २,१०० ज्यूल ऊर्जेने पोहोचते. तेव्हा तीनशे यार्डांच्या आत, मजबूत गोळी आणि आडवे उभे जनावर असेल तर ती पुरते. खांद्याच्या हाडातून तिरपे जायचे असेल तर .३०८ किंवा .३०-०६ ला वाव जास्त. पहिली एल्क रायफल घेणाऱ्याला ३.६ किलोची ७ एमएम-०८ किंवा .३०८ सुचवावी; .३०० मॅग्नम त्यालाच, जो चारशे यार्डांपलीकडे नेम धरण्याइतका सराव खरोखर करतो.

ते अंतर ठरवायला जेवणाची कागदी थाळी पुरते, साधारण २५ सेंटिमीटरची. एल्कच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग सुमारे ३५ सेंटिमीटरचा, म्हणजे थोडी चूक खपते. टेबल सोडायचे, बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने, थोडे धावून दम लागलेला असताना थाळीवर बार काढायचे. दहापैकी नऊ जिथवर आत पडतात ते अंतर त्या माणसाची हद्द, काडतूस कुठलेही असो.

सौम्य रायफलीचा एक फायदा कोष्टकात येत नाही. धक्का कमी असेल तर दुर्बिणीतून जनावर सुटत नाही. गोळी पुढच्या पायामागे लागली का पोटात गेली, हे दिसते. मॅग्नमच्या उसळीत दुर्बिणीत आकाश येते. जनावर उभे असेपर्यंत बोल्ट ओढून दुसरी गोळी घालायची, पहिली नीट बसली असे वाटले तरी. ते नजरेआड झाले आणि फुफ्फुसाचे फेसाळ, गुलाबी रक्त दिसले तर अर्धा तास थांबून माग काढायचा. रक्तात हिरवट चोथा दिसला तर गोळी पोटात गेली आहे. तेव्हा कित्येक तास हलायचे नाही, कारण लगेच पाठलाग केला तर जखमी एल्क उठून काही किलोमीटर सहज जातो.