लाईन: जवसाच्या धाग्यापासून हार्बरपर्यंत

"मुलगा बँकेच्या लाईनीत आहे," असं फोनवर पलीकडच्या बाईंनी सांगितलं आणि माझी मावशी घाईघाईने म्हणाली, "असू दे, असू दे, मोकळा झाला की बोलू." बाईंना मुलाची नोकरी सांगायची होती. मावशीच्या डोळ्यांसमोर मात्र पासबुक हातात धरून काउंटरपुढे ताटकळलेला मुलगा उभा राहिला. दादरच्या दोन खोल्यांत आम्ही सगळे पोट धरून हसलो.

हसू ओसरल्यावर मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. असा गोंधळ इतका क्वचित का होतो? तिकिटाची लाईन, सेंट्रल लाईन, पाण्याची लाईन, पोलीस लाईन, फोनची लाईन कट होणं, मेडिकल लाईनला जाणं, बोलरची लाईन चुकणं, पोरगा लाईनवर येणं. एवढे अर्थ एकाच शब्दाच्या पाठीवर, तरी मुंबईकर दिवसभर तो बिनदिक्कत वापरतो आणि समोरच्याला नेमकं कळतं.

कान शब्द ऐकतो तेव्हा मेंदूत काय घडतं, यावर १९७९ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून बोलणं ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. लोकांना हेडफोनवर एक मजकूर ऐकवला जाई: खोलीत कोळी, झुरळं आणि इतर 'बग' सापडले. इथे किडेच अभिप्रेत आहेत, शंकेला जागा नाही. पण 'बग' कानावर पडला त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर एक शब्द झळके. कधी 'मुंगी', कधी 'हेर', कधी काहीच संबंध नसलेला 'शिवणे'. हा खरा शब्द आहे की अक्षरांचा नुसता गोळा, एवढंच झटपट सांगायचं. लोक 'मुंगी' पटकन ओळखत यात आश्चर्य नाही. आश्चर्य हे की 'हेर'ही ते तितक्याच चपळाईने ओळखत. म्हणजे झुरळांची गोष्ट चालू असतानाही यंत्राचा अर्थ आत जागा झाला होता! हाच शब्द आणखी तीन अक्षरं ऐकून झाल्यावर दाखवला, तर 'हेर'चा फायदा संपलेला असे. नको असलेला अर्थ तोवर मिटलेला असतो, आणि तो आला होता याचा ऐकणाऱ्याला पत्ताही नसतो.

पुढच्या संशोधनात या चित्रात भर पडली. शब्दाचा एक अर्थ फार रुळलेला असेल आणि वाक्यात मात्र कमी वापरातला अर्थ हवा असेल, तर वाचणाऱ्याची नजर त्या शब्दावर थोडी जास्त रेंगाळते. मावशीचंही हेच झालं. तिचं निम्मं आयुष्य रेशनपासून पेन्शनपर्यंतच्या रांगांत गेलं, तिच्यासाठी 'लाईनीत असणं' म्हणजे आधी उभं राहणं. पलीकडच्या वाक्याने तो अर्थ खोडायला पुरेसा आधार दिला नाही.

इथे एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीत 'कळ' दाबायची असते आणि पोटात 'कळ' येतेही. बटणाचा दुखण्याशी आपल्या मनात काही संबंध नसतो. रुग्णाला लावतात ती 'सलाईन' आपल्या 'लाईन'सारखी ऐकू येते, पण ती लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दातून आली, तिचं घराणंच निराळं. 'लाईन'चे अर्थ तसे नाहीत, ते एकमेकांचे सख्खे आहेत. अशा सख्ख्या अर्थांच्या गुणाला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'पॉलिसेमी' हे नाव दिलं, आपण अनेकार्थता म्हणू. २००२ साली जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अर्थ एकमेकांशी असंबद्ध असतील तर शब्द ओळखायला वेळ जास्त लागतो, पण एकमेकांत गुंतलेले पुष्कळ अर्थ असतील तर शब्द उलट लवकर ओळखला जातो.

'लाईन'चे अर्थ कशात गुंतलेत ते मला आमच्या गॅलरीत दिसलं. कठड्याची दुरुस्ती चालली होती. गवंड्याने दोन टोकांना दोन खिळे ठोकले, त्यांत पांढरी दोरी ताणून बांधली, मध्यावर बोटाने टिचकी मारून ती कुठे अडत नाही ना ते पाहिलं आणि तिच्या कडेकडेने विटा बसवायला घेतल्या. या दोरीला ते लोक 'लाईनदोरी' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी जाऊन पाहिलं तर हे 'दोरीदोरी' म्हटल्यासारखं आहे. लॅटिनमध्ये 'लीनिया' म्हणजे जवसाच्या तंतूंचा धागा, कारण 'लीनम' म्हणजे जवस. होय, आपण चटणीला भाजतो तेच जवस! त्याच्या खोडातल्या तंतूंचं कापड ते लिनन, आणि कपड्याला आतून लिनन लावायची पद्धत होती म्हणून अस्तराला 'लायनिंग'. शिंप्याने "लायनिंग लावायचं का?" असं विचारलं की तो नकळत जवसाचंच नाव घेतो.

धागा ताणला की सरळ होतो. त्याच्या आधाराने ओढली ती रेघ, रेघेवर उभी राहिली ती रांग, रेघेसारखी लांब गेली ती वाट, आणि माणूस जन्मभर ज्या वाटेने जातो तो त्याचा धंदा. टेलिफोनच्या तारेत तर शब्द पुन्हा धाग्याकडेच वळला. एकेक पाऊल इतकं जवळचं की कुठेही उडी मारावी लागत नाही.

आणि हा प्रवास मराठीने परक्याकडून शिकलेला नाही. आपलं 'सूत' बघा. सूत म्हणजे धागा. दोघांचं 'सूत जुळतं'. कारागिराच्या मापात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 'सूत्र' म्हणजे दोराही आणि गणितातला नियमही. सूत्र हाती धरणारा तो सूत्रधार, आणि त्याच शब्दातून झिजत आला आपला सुतार. वाह्यात पोराला आपण 'सुतासारखा सरळ' करतो आणि 'लाईनवर'ही आणतो. दोन दूरच्या भाषा, पण दोघींनी ताणलेल्या धाग्यातच सरळपणा पाहिला.

म्हणूनच 'लाईन' म्हणणाऱ्याला मराठी येत नाही, असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. उसना शब्द आपले सगळे अर्थ घेऊन येत नाही. इंग्रजी जिथे एका 'लाईन'वर भागवते तिथे मराठीकडे रेघ, रेषा, ओळ आणि रांग असे वेगवेगळे शब्द आहेत. ज्योतिषी आजही हातावरच्या रेषाच बघतो आणि डोंगरांची रांगच असते. जे आलं ते मराठीने आपल्या नियमात बसवलं. रांग, ओळ, रेघ, रेषा स्त्रीलिंगी, म्हणून 'ती लाईन'. अर्थ ओळखायला प्रत्ययही हात देतात. रांगेसाठी 'लाईनीत', राहण्यासाठी 'लाईनला'. 'मी सेंट्रल लाईनीत राहतो' असं कोणी म्हणत नाही. 'लाईन मारणे' आणि 'लाईन देणे' तर इथल्याच मातीत उगवले, इंग्रजाला ते समजवावे लागतील.

रेल्वेचा अर्थ मात्र मुंबईत सगळ्यांत खोल रुजला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली, ती हार्बर लाईनवरून. आता लाईन हा या शहरात अर्धा पत्ताच आहे.

मावशीने थोड्या वेळाने पुन्हा फोन लावला. मुलगा बँकेत नोकरीला आहे हे नीट समजून घेतलं, आणि मग गंभीरपणे विचारलं, "कुठल्या लाईनला राहतात?"

पलीकडून क्षणाचाही विचार न करता उत्तर आलं, "हार्बर."