पाणी आरपार गेलं म्हणजे कूलर चांगला?

बोटीच्या डिझेल इंजिनासाठी जुना हीट एक्स्चेंजर, म्हणजे इंजिनाचं कूलंट (इंजिनात फिरून ते थंड ठेवणारं द्रव) समुद्राच्या पाण्याने गार करणारा कूलर, घेताना हमखास सांगितलं जातं: एका तोंडातून पाणी ओता, दुसरीकडून धो धो आलं की बिनधास्त बसवा.

यातून नळ्या तुंबलेल्या नाहीत एवढंच कळतं, आणि तेही अर्धवट. काही नळ्या बंद असल्या तरी उरलेल्यांतून पाणी जातंच. आत दोन वाटा असतात: नळ्यांतून खारं पाणी, नळ्यांभोवती कूलंट. खरा धोका मधली भिंत फुटण्याचा. इंजिन गरम असताना दाबाखालचं कूलंट समुद्राच्या पाण्यात निसटतं. थंड झाल्यावर खारं पाणी उलट आत शिरू शकतं आणि इंजिन आतून गंजतं.

आधी दोन्हीकडची झाकणं काढून खार साफ करा. हे टाळू नका, कारण बारीक भोक खारानेच बुजलेलं असू शकतं. मग कूलंटची तोंडं बंद करून त्या बाजूला साधारण १ बार हवा भरा. कॉम्प्रेसर थेट लावू नका, रेग्युलेटर हवाच. सगळा भाग पाण्यात बुडवून पंधरा मिनिटं बघत राहा. नळीच्या तोंडातून बुडबुडे आले तर नळी फुटली आहे. नळीच्या कडेने आले तर नळ्यांची टोकं ज्या प्लेटमध्ये बसवलेली असतात, तिथला जोड गेला आहे.

पितळ गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त झिजलंय. असा भाग घेऊ नका. बसवताना ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) आणि जस्ताची कांडी (बाकी धातूऐवजी स्वतः झिजणारी) नवीच घाला.