केपचा पाऊसबेडूक : सर्वांत जुने नाव, चिमुकला मुलूख

आफ्रिकेतल्या पाऊसबेडकांपैकी विज्ञानाला सर्वांत आधी ठाऊक झालेली जाती त्या खंडाच्या अगदी टोकाशी, केप टाउनच्या आसपासच्या एका छोट्याशा पट्ट्यात राहते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या वर्गीकरण-ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत तिची नोंद ‘राना गिबोसा’ या नावाने केली. लिनियस स्वतः आफ्रिकेत कधी गेला नव्हता आणि त्या काळी बेडूक, भेक, झाडावरचे बेडूक असे सगळेच ‘राना’ या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातले जात असत, त्यामुळे या नावातून प्राण्याच्या नातेसंबंधांविषयी फारसे काही कळत नव्हते. १८२० मध्ये ब्लासियस मेरेम या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने ‘ब्रेव्हिसेप्स’ ही स्वतंत्र प्रजाती उभी केली आणि तेव्हापासून हा बेडूक ‘ब्रेव्हिसेप्स गिबोसस’ म्हणून ओळखला जातो.

आज या प्रजातीत सुमारे वीस जाती मानल्या जातात आणि त्यांत केपचा हा बेडूक आकाराने सर्वांत मोठा आहे. मोठा म्हणायचे ते तुलनेनेच, कारण पूर्ण वाढलेली मादी जेमतेम ८ सेंटीमीटरची असते आणि नर तिच्यापेक्षा बराच लहान असतो. चेहरा आखूड व चपटा, पाय इतके तोकडे की उडी मारणे जवळजवळ अशक्य, आणि अंगात हवा भरून घेतली की टम्म फुगलेल्या पुरीसारखे शरीर. इंटरनेटवर चिडक्या चेहऱ्याचा, खेळण्यासारखा चिरकणारा जो बेडूक अनेकांनी पाहिला आहे, तो याचाच भाऊबंद, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वायव्येकडील नामाक्वालँडच्या किनाऱ्यावरच्या वाळूत राहणारा ‘ब्रेव्हिसेप्स मॅक्रॉप्स’. त्याच्या लोकप्रियतेमुळे बाकीच्या जाती झाकोळल्या गेल्या आहेत.

पाऊसबेडकांच्या वर्गीकरणाचा गुंता समजून घ्यायचा तर आधी त्यांची राहणी पाहावी लागते. हे बेडूक आयुष्याचा मोठा भाग जमिनीखाली काढतात. मागच्या पायांच्या तळव्यावर असलेल्या कठीण उंचवट्याने माती बाजूला सारत ते पाठमोरे खाली उतरतात. पाऊस पडून जमीन ओलावली की वर येतात, वाळवी, मुंग्या, भुंगेरे खातात आणि नर साद घालू लागतात. पाण्याशी त्यांचे नाते इतके तुटलेले आहे की खोल पाण्यात पडल्यास ते बुडून मरू शकतात. नराचे हात मादीच्या रुंद शरीराला कवेत घेण्यास पुरत नाहीत, म्हणून कातडीतून पाझरणाऱ्या चिकट द्रवाने तो तिच्या पाठीच्या मागच्या भागाला चक्क चिकटतो आणि ती जोडी तशीच जमिनीत शिरते. मादी ओलसर पोकळीत अंडी घालते आणि पिल्ले त्या अंड्यांतच पूर्ण वाढून लहानशा बेडकांच्या रूपात बाहेर येतात. पाण्यात पोहणारी बेडूकमाशाची अवस्था त्यांच्या जीवनक्रमात नसतेच. आपल्या सह्याद्रीतल्या राओर्चेस्टिस या झुडपी बेडकांतही अशीच थेट वाढ होते, पण ते झाडाझुडपांवर राहणारे आणि अगदी वेगळ्या कुळातले आहेत.

ज्या बेडकाला उडी मारता येत नाही, पोहता येत नाही आणि ज्याची अंडी व पिल्ले पाण्याबरोबर दूर वाहून जात नाहीत, तो आपल्या मातीला बांधलेला राहतो. केपच्या परिसरात हे फार स्पष्ट दिसते. गिबोसस सखल भागातल्या चिकणमातीच्या, शेल व ग्रॅनाइटपासून बनलेल्या जमिनीत राहतो. केप टाउनमधल्या डेव्हिल्स पीक या डोंगराच्या उतारांपासून उत्तरेकडे पिकेटबर्ग व सिट्रसडाल या गावांच्या दिशेने त्याचा विस्तार आहे. तिथूनच जवळ किनारी वाळू सुरू झाली की ‘ब्रेव्हिसेप्स रोझेई’ भेटतो आणि वालुकाश्माच्या डोंगरांवर फिनबॉस झुडपांत चढले की ‘ब्रेव्हिसेप्स माँटॅनस’. पूर्वेला क्नायस्ना भागातल्या दमट जंगलांच्या पट्ट्यात काळपट ‘फ्युस्कस’ आहे, तर उत्तरेला कोरड्या नामाक्वालँडमध्ये ‘नामाक्वेन्सिस’. नकाशावर या सगळ्यांचे प्रदेश एकमेकांना खेटून आहेत, पण प्रत्येकाची जमीन आणि तिच्यातली ओल वेगळी. भूशास्त्राचा नकाशा हाती असेल तर कोणता पाऊसबेडूक कुठे मिळेल याचा अंदाज बऱ्याच अंशी बांधता येतो, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

वरच्या नावांपैकी रोझेई, माँटॅनस आणि नामाक्वेन्सिस ही तिन्ही १९२६ ची आहेत. किंबर्लीच्या मॅकग्रेगर संग्रहालयातले जे. एच. पॉवर यांनी संपूर्ण प्रजातीचा आढावा घेत असताना ती दिली. फुगलेले, मातकट, जवळपास एकाच साच्यातले हे प्राणी स्पिरिटच्या बाटलीत गेल्यावर वेगळे ओळखणे किती कठीण, याची कल्पना केली म्हणजे त्या कामाची किंमत कळते. जिवंतपणी मात्र त्यांचे आवाज त्यांना वेगळे करतात. गिबोससची साद खरखरीत आणि घोगरी, तर रोझेई आणि माँटॅनस शिट्टी घातल्यासारखे ओरडतात. बेडकांचे अभ्यासक लेस्ली मिंटर यांनी २००३ मध्ये पूर्व दक्षिण आफ्रिकेतल्या ‘बॅगिन्सी’ आणि ‘सोप्रॅनस’ या दोन नव्या जातींचे वर्णन केले, तेव्हा त्यांच्या सादेचे ध्वनिमुद्रण हा महत्त्वाचा पुरावा होता.

प्रजातीच्या वरच्या, म्हणजे कुळाच्या पातळीवरही घोळ होताच. १९३४ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ एच. डब्ल्यू. पार्कर यांनी पाऊसबेडकांना मायक्रोहायलिडी या कुळात ठेवले होते. आपल्याकडचा गुबगुबीत, पाठमोरा माती उकरणारा उपेरोडोन हा बेडूक याच कुळातला आहे, आणि दोघांना शेजारी ठेवले तर पार्कर यांचा निर्णय चुकीचा वाटत नाही. पण हे साम्य बिळात राहण्याच्या सारख्या सवयीतून आलेले आहे. उपेरोडोन आजही पाण्यात अंडी घालतो आणि त्याला बेडूकमाशाची अवस्था असते. २००६ मध्ये रेणवीय पुराव्यांवर आधारलेल्या उभयचरांच्या मोठ्या पुनर्रचनेत ब्रेव्हिसिपिटिडी हे वेगळे कुळ मानले गेले. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक आफ्रिकेतलेच, टोकदार तोंडाचे हेमिसस बेडूक आहेत.

पुढे डीएनएने प्रजातीच्या आतही हात घातला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात ब्रेव्हिसेप्सचे गिबोसस गट आणि मोझांबिकस गट असे दोन मोठे फाटे दिसले आणि एकाच नावाखाली अनेक वेगळ्या वंशरेषा दडलेल्या असल्याचेही आढळले. त्यानंतर दोनच वर्षांनी अंगोलातली ‘ओम्बेलानोंगा’ ही जाती वेगळी काढली गेली. याचा व्यावहारिक परिणाम असा की दूरवर पसरलेली, म्हणून सुरक्षित समजली जाणारी जाती प्रत्यक्षात लहान लहान प्रदेशांत कोंडलेल्या चार जातींची बेरीज ठरू शकते, आणि मग प्रत्येकीचा धोका नव्याने मोजावा लागतो.

गिबोससचा मुलूख मुळातच लहान. ज्या चिकणमातीत तो राहतो, तीच गव्हाला आणि द्राक्षाला सर्वांत मानवते. त्या जमिनीवरचे रेनोस्टरव्हेल्ड हे मूळ झुडपी रान जवळजवळ सगळे नांगराखाली गेले आहे आणि उरलेल्या तुकड्यांभोवती शहर वाढते आहे. तरीही हा बेडूक बागांमध्ये आणि मळ्यांच्या कडेला तग धरून आहे, कारण त्याला तळे लागत नाही, फक्त खणता येईल अशी ओलसर माती लागते. अडचण आहे ती एका बागेतून दुसऱ्या बागेत जाण्याची. मध्ये डांबरी रस्ता आणि कुंपणाची भिंत असली की या चालण्यापलीकडे काही न येणाऱ्या प्राण्याचा प्रवास तिथेच थांबतो, आणि एका तुकड्यातली संख्या घटली तर शेजारून भर पडण्याची शक्यता फारच थोडी राहते.